लागू नसेल ते खोडा

कॉलेजच्या फी-सवलतीचा अर्ज घरी आला तेव्हा घरात तीन बायका, एक पेन आणि दीड चष्मा होता. दीड म्हणजे असं, की सुनेचा एक धड, आणि आजींच्या चष्म्याची डावी काच पडलेली. सून चष्म्याच्याच दुकानात कामाला. "उद्या बसवून आणते हं आई," असं ती वर्षभर रोज सकाळी जाताना म्हणायची. जगाच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या बाईच्या घरात ही तऱ्हा. तर आजी उजव्या डोळ्यानं जग बघायच्या आणि डाव्या डोळ्यानं, लोक म्हणायचे, थापा मारायच्या.

नातीला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. ही हौस आजची नव्हे. सहा वर्षांची असताना तिनं जिन्यातल्या मांजरीला ताप आहे म्हणून घरातलं थर्मामीटर लावलं होतं. कुठं लावलं ते कळलं त्या दिवसापासून आजींनी ते थर्मामीटर तोंडात घेतलं नाही. आता मार्क मिळाले होते, यादीत नंबर लागला होता, आणि फीचा आकडा बघून सुनेनं दोनदा चष्मा पुसला होता. पुसून आकडा काही लहान झाला नाही. सवलत मिळाली तर नात डॉक्टर, नाही मिळाली तर चष्म्याच्या दुकानात आईच्या शेजारी. दुकानदार भला माणूस. त्यानं स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं. नातीनं ते स्टूल एकदा पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

अर्जाचं पहिलं पान सुखरूप पार पडलं. दुसऱ्या पानावर गाडी अडली. तिथं छापलं होतं: "कुटुंबाचा प्रकार: एकत्र / विभक्त. लागू नसेल ते खोडा."

तिघी त्या ओळीकडे बघत बसल्या. मग नातीनं पेन उचललं आणि "एकत्र" हा शब्द खोडला. असा खोडला की कागद फाटला आणि खालच्या टेबलावर रेघ उमटली.

"झालं," ती म्हणाली. "सोपं तर होतं."

ती रेघ अजून टेबलावर आहे.

आता आजींचं या घरात काय काम, असं कुणीही विचारेल, आणि पुढं विचारलंच. आजी म्हणजे सुनेची सासू. लेक आणि सून यांचं बिनसलं तेव्हा आपली भाड्याची खोली सोडून, एक ट्रंक घेऊन, भांडण मिटवायला म्हणून त्या इथं आल्या. भांडण काही मिटलं नाही, मुलगाच गेला. जाताना टेम्पो आणला, कपाट चढवलं, गादी चढवली, आईची ट्रंकही चढवली. आईला चढवायची वेळ आली तेव्हा टेम्पोत जागा उरली नाही. "तुला पुढच्या फेरीला नेतो," म्हणाला. आजी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिल्या. संध्याकाळी सुनेनं ती पिशवी हळूच उचलून आत ठेवली आणि भात लावला. तीन माणसांचा. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत.

एक अडचण मात्र सुनेला राहिली. नवऱ्याला इतकी वर्षं ती "अहो" म्हणायची, दुसऱ्याशी बोलताना "हे" म्हणायची. कोर्टानं नवरा काढून घेतला पण नवा शब्द काही दिला नाही. तेव्हापासून ती म्हणायची, "तुमचे चिरंजीव." तुमच्या चिरंजीवांचं टपाल आलंय. तुमच्या चिरंजीवांना सांगा, विजेचं बिल अजून त्यांच्या नावावर येतं. आजी म्हणायच्या, "बरं."

असो. अर्ज घेऊन तिघी कॉलेजात गेल्या. सवलतीच्या कचेरीला एक खिडकी होती आणि खिडकीत छातीपासून वर एक साहेब. पोटाखाली त्यांना काही आहे की नाही, हे त्या कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्यांना खिडकीसाहेबच म्हणायचे.

"विभक्त," खिडकीसाहेब म्हणाले. "ठीक. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला?"

"वडील नाहीत," नात म्हणाली.

"वारले?"

"नाही हो! विभक्त."

"ते वाचलं मी. विभक्त म्हणजे आई, वडील आणि मुलं. मग वडील कुठायत?"

"विभक्त आहेत ना!"

"अगं बाई, विभक्त आहे म्हणूनच वडील लागतात. एकत्र असतं तर काका-आजोबा सगळेच मागितले असते. विभक्तात फक्त वडील."

"विभक्तात वडील कसे असतील?" आजींना राहवेना. "विभक्त झाला म्हणून तर गेला!"

"कुणापासून विभक्त झाला?"

"हिच्यापासून!" आजींनी सुनेकडे बोट दाखवलं.

"म्हणजे आधी एकत्र होतात?"

"आधी विभक्त होतो," सून म्हणाली. "नवरा, बायको, मुलगी. मग आई आल्या, मग ते गेले."

खिडकीसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. मागं रांग वाढत होती. रांगेतला एकजण म्हणाला, "अहो, घरात किती माणसं ते मोजा आणि सोडा त्यांना." दुसरा म्हणाला, "माणसं मोजून कुटुंब कळतं होय? आमच्याकडे नऊ आहेत आणि एकाचं तोंड दुसरा बघत नाही."

शेवटी खिडकीसाहेबांनी एक जाड वही काढली, त्यात नियम शोधला आणि म्हणाले, "आईवडिलांची फारकत असेल तर कोर्टाचा कागद आणि शेजाऱ्याचं पत्र. वडील तिथं राहत नाहीत आणि घरात काही देत नाहीत, असं शेजाऱ्यानं लिहून द्यायचं. शनिवारच्या आत. मग बघू."

कोर्टाचा कागद होता. शेजाऱ्याचं पत्र म्हटल्यावर मात्र आजी परत निघताना सगळ्यांच्या मागं राहिल्या.

त्याचं कारण असं, की टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या नर्सबाईंनी जिन्यात गाठून विचारलं होतं, "आजी, कपाट कुठं गेलं?" आजींच्या तोंडून निघून गेलं, "मुलाची बदली झाली." "कुठं?" आजींना गाव सुचेना. गाव सांगावं तर तिथं कुणाचा तरी मेहुणा निघतो. म्हणून त्या म्हणाल्या, "जहाजावर." आता हा मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. त्याचं आयुष्य वर-खाली जाण्यात गेलेलं, आडवा तो कधी गेलाच नव्हता. पण एकदा जहाज पाण्यात सोडल्यावर थांबतं थोडंच? वर्षभरात ते एवढं वाढलं, की पुढच्या टोकाला पाऊस असला तर मागच्या टोकाला कपडे वाळत घालायचे. जेवणाची घंटा झाली की मागच्या लोकांनी सायकलवरून यायचं. मुलाचा हुद्दा कॅप्टनच्या खालोखाल. पैसे तर इतके पाठवायचा, की आजींनी त्याला लिहिलं होतं म्हणे, "बाबा रे, पुरे आता."

त्या शेजाऱ्यांकडून आता लिहून आणायचं, की तो घरात काही देत नाही.

आजी खालच्या मजल्यावर मास्तरांकडे गेल्या. मास्तर निवृत्त, आयुष्यभर निबंध शिकवलेले. पत्र म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं.

"बसा वहिनी. काय म्हणतंय जहाज?"

आजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. मुलगा घर सोडून गेला, एवढेच चार शब्द तर होते. ते चारही घशापर्यंत आले, आणि तिथं एकमेकांना अडून बसले.

"बुडालं," आजी म्हणाल्या.

"अरेरे! आणि मुलगा?"

आता इथं मुलालाही बुडवलं असतं तर सवलतीचं काम एका ओळीत झालं असतं. पण जहाज बुडवणाऱ्या बाईला मुलगा काही बुडवता येईना. त्या म्हणाल्या, "तो पोहत एका बेटावर लागलाय. सुखरूप आहे. पण तिथून पैसे पाठवायची सोय नाही."

मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "बरं. लिहितो."

पत्र पाकिटात घालून, चिकटवून आलं. सुनेनं ते तसंच खिडकीत दिलं. खिडकीसाहेबांनी मोठ्यानं वाचलं: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सदर विद्यार्थिनीचे वडील ज्या जहाजावर होते ते बुडाले असून सदर इसम सध्या एका बेटावर वास्तव्यास आहेत. सबब ते येथे राहत नाहीत व घरात काही देत नाहीत."

"कसलं जहाज?" सून म्हणाली, आणि मग तिनं वळून सासूकडे पाहिलं. आजी कचेरीतला पंखा फार बारकाईनं बघत होत्या. नातीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, ते तिलाही ठरवता आलं नसतं.

"जहाज कंपनीचं पत्र आणा," खिडकीसाहेब म्हणाले. "आणि नुकसानभरपाई मिळाली असेल तर ती उत्पन्नात धरावी लागेल."

"साहेब, जहाज नाहीये."

"बुडाल्यावर नसणारच. पण कागद असतील ना? ते काही नाही. शनिवारी मी स्वतः घरी येऊन बघतो."

घरी येऊन सुनेनं दार लावलं. मग म्हणाली, "आई, तुमच्या चिरंजीवांना तुम्ही कुठं कुठं पाठवलंय ते एकदाच सांगून टाका. मला तयारी करायला बरं."

"अगं, लोक तुलाच नावं ठेवतील म्हणून—"

"मला?"

"नवरा टिकला नाही म्हणतात. मुलगा टिकला नाही असं कुणी म्हणत नाही."

सुनेनं सासूचा मोडका चष्मा टेबलावरून उचलला, पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्याच दिवशी काच बसवून आणला. वर्षभर जे झालं नाही ते एका दिवसात झालं. नातीनं मात्र वेगळंच केलं. बापाला फोन केला. "बाबा, उत्पन्नाचा दाखला द्या, नाहीतर माझं राहील," एवढंच म्हणाली आणि ठेवला. दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

शनिवारी खिडकीसाहेब आले. त्यांना पाय होते. चांगले लांब होते, उलट. जिना चढून येईपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं होतं, की बुडालेल्या जहाजाची चौकशी करायला सरकारी माणूस आलाय. नर्सबाई ड्युटीचे कपडे न बदलताच आल्या. मास्तर आले, त्यांच्या मागं त्यांची काठी आली. खोलीत चार खुर्च्या, त्यातली एक खिडकीसाहेबांना.

"हं, जहाजाचं नाव काय?" खिडकीसाहेबांनी विचारलं.

"नाव मोठं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "जहाजच एवढं मोठं. आतमध्ये दवाखाना होता, आजी म्हणाल्या ना, तिथं बारा नर्सा."

"चोवीस," मास्तर म्हणाले. "दोन पाळ्यांत."

"पगार?"

"पगाराचं विचारू नका साहेब. पोत्यानं!"

सुनेनं डोळे मिटून घेतले. खिडकीसाहेब "पोत्यानं" हा शब्द लिहून घेत होते. नातीला डोळ्यांपुढं ते स्टूल दिसत होतं. आजी काहीतरी बोलायला उठल्या, आणि तेवढ्यात दारात ट्रंक आली.

ट्रंक आधी आली, कारण ती खांद्यावर होती. तिच्याखाली मुलगा होता, घामानं भिजलेला.

"अगंबाई!" नर्सबाई ओरडल्या. "पोहत आले! सामानासकट!"

मुलानं ट्रंक खाली ठेवली. एवढी माणसं बघून तो गोंधळला. खिशातून घडी घातलेला कागद काढून मुलीपुढं धरला. "दाखला आणलाय."

खिडकीसाहेब उठून उभे राहिले. "आपण कोण?"

त्यानं मुलीकडे पाहिलं, तिच्या आईकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मी ह्यांचा मुलगा," म्हणाला, आणि आजींकडे हात केला.

"म्हणजे हिचे वडील? आणि सामान घेऊन राहायला आलात?" खिडकीसाहेबांनी अर्जाचं दुसरं पान काढलं. "मग प्रश्नच मिटला. कुटुंब चार माणसांचं, उत्पन्न दोघांचं. सवलत बसत नाही."

"नाही, राहायला नाही..." मुलगा म्हणाला. "ट्रंक परत द्यायला आलो. आई, तिकडे आता जागा होत नाही गं. पाळणा आणलाय."

पाळण्याचं आजींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. मुलाच्या कानामागं केस पिकले होते.

"साहेब, लिहा," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हा इथं राहत नाही. जहाज नव्हतं, बेट नाही. बसनं तीन थांब्यांवर राहतो, आणि तिथून इथं यायला ह्याला दोन वर्षं लागली. हे मी सांगतेय, ह्याची आई. शेजाऱ्याचं चालतं तर माझं चालायला हरकत नाही."

खिडकीसाहेबांनी लिहून घेतलं.

"बरं. म्हणजे आई आणि मुलगी. विभक्तच राहू देतो. फक्त आजी..." ते अडखळले. "नियमानं आजी ह्यांच्याकडच्या. फारकतीनंतर तुमची सासू राहत नाहीत त्या. आजींचं कुटुंब कुठलं धरू?"

सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. "आईचं म्हणजे... मी नेणारच होतो. पुढच्या फेरीला..."

"साहेब," सून म्हणाली. "फारकत मला ह्यांनी दिली. आईंनी नाही दिली."

"ह्यांनी" म्हणाली ती. दोन वर्षांनी. म्हटल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि ती भिंतीकडे बघायला लागली. मुलानंही ऐकलं. तो तसाच उभा राहिला, रिकामा खांदा चोळत.

खिडकीसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, अर्ज टेबलावर ठेवला. नातीनं फाडलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावून घेतली. मग त्यावर आपल्या अक्षरात "एकत्र" लिहिलं, शेजारचा "विभक्त" खोडला, आणि सही केली. "आई, मुलगी, सासू," पुटपुटले. "तीन माणसं. उत्पन्न एकीचं. बसतंय."

मुलगा निघाला तेव्हा कुणी त्याला थांबवलं नाही. आजी गॅलरीत गेल्या. लहानपणी तो शाळेत जाताना कोपऱ्यावर वळून हात करायचा. कोपरा आला, तो थांबला, बसचं तिकीट शोधायला खिसे चाचपले आणि वळून गेला.

बाकीचे पांगले. मास्तर मागं राहिले. जिन्यात हळूच म्हणाले, "वहिनी, थांब्यावर अधूनमधून दिसायचे मला ते. पिशव्या असायच्या हातात."

"मग बोलला नाहीत?"

"जहाज छान होतं हो. म्हटलं, चालू दे. आमच्याकडे तर कुणी होडीसुद्धा सोडत नाही." आणि काठी टेकत खाली गेले.

सवलत मिळाली. कॉलेज दूर, वसतिगृहात राहायचं, म्हणजे सामान आलं. घरात धड पेटी एकच होती. आजींची ट्रंक उघडली. तळाशी आजींचे जुने कपडे, जसेच्या तसे. दोन वर्षांत कुणी कुलूपही काढलं नव्हतं. ते बाहेर निघाले आणि नातीची पुस्तकं आत गेली. सून दुकानातून यायची होती. संध्याकाळचं ऊन टेबलावरच्या रेघेपर्यंत आलं होतं.

नात ट्रंकेवर बसून झाकण दाबत होती. झाकण बसेना. आजीही येऊन तिच्या शेजारी बसल्या. दोघींच्या वजनानं ते टक्कन लागलं. मग कुणीच उठलं नाही.

"आजी," नात म्हणाली. "त्या बेटावर पुढं काय झालं गं?"

आजींनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी थट्टा करत नव्हती.

"पुढं काय व्हायचं," आजी म्हणाल्या. "बरं आहे बेट. जेवायला वेळेवर मिळतं. फक्त तिकडून बोटी निघत नाहीत." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आणि एक बाळ आहे म्हणे तिथं. छोटंसं. मुलगा की मुलगी, तेवढं विचारायचं राहिलं बघ."